अनामिकेने लावावं

बाटलीवर लिहिलंय, अनामिकेने लावावं.
सगळ्यांत दुबळं बोट, म्हणून.
इस्मेनिया हसते.
अंगठी गेली, तिचा फिकट पट्टा
अजून त्याच बोटावर मुक्कामाला आहे.

कोयाइकेहून दक्षिणेला खडीचा रस्ता.
बावीस वर्षं हीच बस, हीच सीट.
जाताना सकाळचं ऊन डाव्या काचेतून,
परतताना संध्याकाळचं, तेही डावीकडूनच.
उजवा डोळा तिच्याहून दहा वर्षांनी लहान.

तेल रानगुलाबाच्या बोंडांचं,
नारिंगी, जरासं मासळीच्या वासाचं.
हेच काटेरी झुडूप रस्त्याकडेला
मेंढ्यांची लोकर ओरबाडतं,
आणि आता म्हणे कातडी सांधणार!

लावलं फक्त डावीकडे.
उजवी बाजू राहू दे साक्षीला.
पहिल्या रात्री एक थेंब जास्त झाला,
डोळ्यात गेला, दिव्याला केस फुटले,
उशीच्या अभ्र्यावर सकाळी
पिकल्या जर्दाळूएवढा डाग.

आठव्या दिवशी साल निघायची थांबली.
विसाव्या दिवशी टाकीवरच्या आरशात
तिने रेघा मोजल्या.
तेवढ्याच.
पण आता हसली की चरचरत नाहीत,
नुसत्या येतात, जातात.

"झोप झालेली दिसते," म्हातारा एलेउतेरियो म्हणाला
पुढच्या सीटवर कोंबडीची टोपली ठेवत.
झोप कुठली.

बाटलीत तळाला चार थेंब.
एक तिने समोरच्या ऊन-झडपेच्या
गंजल्या बिजागरीत सोडला.
बस घेतल्यापासून अडकलेली ती झडप
कुरकुरली,
आणि डावीकडे वळली.