बर्फाचा धूर

तर्कशास्त्राला यंदा तिघंच.
दुपारचा शेवटचा तास, भूगोलाच्या खोलीत,
जिथे फळ्यावर कुणीतरी
तैलरंगात काढून ठेवलाय अरबी समुद्र.
त्याच्या कडेला उरलेल्या जागेत मी लिहिते:
डोंगरावर आग आहे, कारण धूर आहे.

मुनाफ सारंग खिडकीतून हर्णै बंदराकडे बोट दाखवतो.
"मॅडम, बर्फाच्या कारखान्यातनं रोज धूर निघतो.
आत जाऊन बघा, बोटं गोठतील."
वर्ग हसतो. म्हणजे उरलेले दोघं.

मी खडू खाली ठेवते.
जुन्या पंडितांनी धुक्याचा दाखला दिलाय, धुळीचाही;
बर्फाचा कारखाना त्यांच्या नशिबी नव्हता.

तेव्हापासून तास बंदरावर.
लिलावात व्यापारी ओरडतो:
सुरमई ताजी, कल्ला बघा लाल!
वृंदा मयेकर वाकून विचारते, "लाल कशानं?"
एवढंच.
त्याने टोपलीवर गोणपाट ओढलं
आणि आमच्याकडे असं पाहिलं
की पुढचा प्रश्न मीच गिळला.

भागा तांडेल जाळं विणत सांगतो,
पाखरं घिरट्या घालतात तिथे खाली मासळी.
"मग पाखरं नाहीत तिथे मासळी नाही?"
सुई थांबते. "तसं कुठं म्हटलं मी?"
भागा तांडेल सहावी नापास.
याच प्रश्नावर दरवर्षी
निम्म्या उत्तरपत्रिका मी तांबड्या करते.

माघात एका रात्री धुकं उतरलं.
पावश्यांची होडी यायची राहिली.
पुळणीवर कंदील, मोबाईलचे उजेड,
आणि हळूहळू सगळ्यांच्या तोंडी एकच सिद्धान्त:
दिवा दिसत नाही, म्हणजे होडी नाही.
कुणी तर रडायलाही लागलं.

हेमांगी पावसे, जिचा बाप त्या होडीवर,
जी वर्गात हजेरीलासुद्धा कुजबुजते,
ती ओरडली: "थांबा!
असती तर दिसली असती,
असं म्हणता येत असेल तरच नाही म्हणा.
मला आत्ता माझा हात दिसत नाही.
मग काय, हात नाही मला?"

रडणं थांबलं.
धीर आला असं नव्हे.
फक्त निष्कर्ष, जो घरात शिरलाच होता,
पुन्हा उंबऱ्याबाहेर जाऊन उभा राहिला.

होडी आली का?
ते मी सांगणार नाही.
आली म्हटलं तर तुम्ही पोरीला शहाणी म्हणाल,
नाही म्हटलं तर बिचारी.
तिचं बोलणं त्या रात्री, त्या धुक्यात,
दोन्ही परींनी बरोबर होतं.
एवढं समजावण्याचाच मला पगार मिळतो.

प्राचार्यांचं पत्र आलंय:
विद्यार्थी कमी, सबब विषय अनावश्यक.
मी उत्तर लिहिलं, सबबीला व्याप्ती दाखवा.
ओहोटीला पाणी कमी होतं
म्हणून कुणी खाडी बुजवत नाही.
(हा दृष्टान्त आहे, पुरावा नव्हे,
हेही प्रामाणिकपणे खाली लिहिलं.)

तत्त्वज्ञान घेतलेल्या मुलांनो,
ब्रह्म, माया, स्वातंत्र्य, सगळं बोला,
रात्र रात्र बोला.
पण एकदा या टोपलीशी वाकून विचारा, लाल कशानं.
ज्यांनी नुसती मतं जमवली
त्यांची घरं मी पाहिलीत:
भिंती छान, जोत्याला जांभा नाही.

आज चौथा अर्ज आला.
सुहास कालेकर, बर्फ कारखाना, रात्रपाळी.
"विषय निवडण्याचे कारण" या रकान्यात त्याने लिहिलंय:
कारण म्हणजे काय, तेच.

कागदाचा एक कोपरा ओला आहे.
बर्फाने, घामाने, की आणखी कशाने,
मी अनुमान केलेलं नाही.
उद्या त्यालाच विचारेन.