कौल

खानापुरात मातीला तोटा नाही.
बावीस वर्षं मी कौलं करतो,
ओली फळीवर मांडतो, सुकली की भट्टीत रचतो.
टब्बी चार वर्षांची असताना
डबा घेऊन आईबरोबर आली
आणि एका ओल्या कौलावर
पंजा उठवून मोकळी झाली.
मुकादम ओरडला.
मी म्हटलं, असूदे, मोडतो मागनं.
मोडलं नाही.
भाजून निघालं ते, लाल, खणखणीत,
आणि कुठल्या तरी ट्रकातनं गेलं,
नंदगडला, लोंढ्याला, की घाट उतरून गोव्याला,
कुणास ठाऊक.

नवव्या वर्षी ताप आला.
बेळगावच्या सिव्हिलात पाच रात्री.
कागदावर तिचं नाव टबीथा.
शास्त्रातल्या टबीथेला कुणी नावानं हाक मारली
आणि ती उठून बसली.
मीही मारली.
सहाव्या दिवशी सकाळी, मोठ्यानं,
अख्खा वॉर्ड वळून बघेपर्यंत.

शेजारचा भरमाण्णा, मनानं चांगला,
म्हणाला, चल, देवाला कौल लावूया,
कशानं झालं ते तरी कळंल.
म्हटलं, आमच्यात लावत नाहीत.
पण रात्री परसात उभा राहून भांडलो:
न मागताच दिलास की रे.

सुगुणा बेटगेरीची. ती कन्नडमध्ये मागायची, मी मराठीत.
पोरगी निजताना दोन्ही कालवायची:
देवरे, अप्पाच्या कैला भट्टी लागू देऊ नको,
बेक्कूला उंदीर दे, लहानच दे, आमेन.
ती गेल्यावर दीड वर्ष
घरात कुणी मोठ्यानं काही मागितलं नाही.
मांजर तेवढं जेवायच्या वेळेला ओरडायचं.

यंदा ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात गेलो.
सुगुणा येते म्हणाली म्हणून.
मलप्रभेवरनं धुकं आलेलं, मेणबत्त्या धरत नव्हत्या.
पास्टर सालोमन म्हणाले, कबर रिकामी आहे.
माझ्यासमोरची तर भरलेली होती,
वर गवतसुद्धा उगवलेलं.
मी छपरांचा विचार करत उभा.
तेव्हापासनं जाईल तिथं छपरं बघतो,
एसटीच्या खिडकीतनं, चालताना, मान दुखेपर्यंत.
पण पंजा वरच्या अंगाला असणार, आभाळाकडं.
खालनं दिसायचा नाही.
खाली निजलेल्या माणसाला एवढंच कळतं
की पाऊस आत येत नाही.

सुगुणानं वातीपुढं हात आडवा धरला
आणि म्हणाली, देवरे,
अप्पाच्या कैला...
तशीच, कालवून, पोरीच्या चालीत.
मांजरापर्यंत आली. उंदरापर्यंत आली.
शेवटचा शब्द तिला म्हणवेना.
तो दोन्ही भाषांत एकच.
मी म्हटला.

उजाडलं तशी हुबळीची गाडी शिट्टी देत गेली.
सुगुणा म्हणाली, दूध घ्यायचं राहिलं.
आम्ही बाजारातनं चालत घरी आलो,
ती दुकानं बघत,
मी छपरं.