वीस पॉईंट नऊ

आधी अंगणात यायचं.
घरात मशीन सुरू असतं,
घरातली हवा थोडी मशीनच्या बाजूनं बोलते.
गाडी बंद करून धूर निवळू द्यायचा.
मग मीटर धरायचा हात लांब करून,
तोंडापासून दूर,
लहानपणी गोठ्यात साप निघाला की
बाप कंदील धरायचा, तसा.

आकडा लगेच बसत नाही.
एकवीस पॉईंट चार. एकवीस पॉईंट एक.
शेजारी चटईवर मोहफुलं वाळत टाकलेली,
वासानं डोकं जड व्हावं अशी दुपार.
मीटरला वास कळत नाही.
त्याला एवढंच ठाऊक, शंभरात वीस पॉईंट नऊ.
सरपंचाच्या माडीवर तेवढंच,
तलावापलीकडच्या टोलीवर तेवढंच.
इतकी सारखी वाटणी या तालुक्यात
मी दुसऱ्या कशाची पाहिली नाही.

एक पोरगी जवळ येऊन उभी.
'हे का करून राहिला जी?'
'मीटरले हवा दाखवून राहिलो.'
'मंग त्यानं आजवर पाह्यलीच नाही का?'

पाहिली आहे. पण विसरतो.
आत शिशाचा एक तुकडा आहे,
पाकीट फोडलं त्या दिवसापासून श्वास घेणारा.
वापरा, नाहीतर पेटीत ठेवा,
तो झिजत राहतो.
दोन वर्षं, फार तर अडीच.
म्हणून दरवेळी सांगावं लागतं,
ही बघ हवा. इथून मोजायचं.

इसराम कापगते, एकतीस वर्षं
अर्जुनीच्या राईस मिलात.
भुसा आता छातीत.
खाटेजवळ मशीन, नळी नाकाशी,
पायथ्याशी फुलवंताबाई, वही घेऊन.
वहीत मागच्या महिन्याची माझी सही
आणि माझा आकडा: एक्क्याण्णव. ठीक.
तेव्हाच म्हणाल्या होत्या,
'ठीक नाही जी. पोळ्याच्या वक्ताले
अंगणातून बैल मोजत होते.
आता एक गोष्ट सांगाले तीनदा थांबतेत.'
मी म्हणालो होतो,
मावशी, मीटर खोटं बोलत नाही.

आज नळीला मीटर लावला.
चौऱ्याहत्तर.
पुन्हा बाहेर गेलो. वीस पॉईंट नऊ.
पुन्हा आत. चौऱ्याहत्तर.

मग आठवलं.
त्या दिवशी फोन खांद्यात दाबून
मी गोंदियाच्या स्टोअरवाल्याशी
फिल्टरवरून भांडत होतो,
मीटर हनुवटीशी,
आणि भांडता भांडता बटण दाबलं.
माझ्या तोंडची उष्टी हवा
गावाची हवा म्हणून दाखवली.
त्यानं मानली.
तिथून पुढं सगळंच चढं मोजलं.

'किती?' फुलवंताबाईंनी विचारलं.
सांगितलं. मागचंही सांगितलं.
त्या काही बोलल्या नाहीत,
वहीचं पान तेवढं माझ्याकडं फिरवलं.

बोलले ते इसरामजी.
'मले वाटलं...'
मशीननं दोनदा सुस्कारा टाकला.
'मीच...'
पोरगी दारात येऊन थांबली.
'कमी झालो.'

एक्क्याण्णववर मी एकच रेघ ओढली,
खालचा आकडा वाचता येईल अशी.
शेजारी तारीख, कारण, सही.
कारणाच्या रकान्यात जागा बोटभर.
'श्वास' लिहिलं, खोडलं,
'तंत्रज्ञाची चूक' लिहिलं.

संध्याकाळी साकोलीहून दुसरं मशीन येईल,
तोवर सिलिंडर.
रेग्युलेटर आवळला, मीटर लावायला वाकलो,
तर फुलवंताबाई उठल्या.
'आधी बाहेर दाखवून आणा जी.'

आत्ताच दाखवला होता.
तरी गेलो.
त्या मागोमाग अंगणात आल्या,
पदर तोंडावर घट्ट धरून,
आणि आकडा बसेपर्यंत
मोहफुलांपाशी उभ्या राहिल्या.