आतल्या आत

क्लाक्सविकमध्ये रात्रीचे नऊ. धुकं
पार बंदरापर्यंत उतरलंय, बोटींचे दिवे विरघळल्यासारखे.
मी माझ्या जुन्या कॉम्प्युटरला समजावतेय:
बाबा रे, बाहेरचं काही ऐकू नकोस,
स्वतःचंच ऐक.

पहिल्या खेपेला चुकलेच.
स्पीकर मोठा ठेवला, माइक चालू राहिला,
आणि ट्रोन्डुरच्या आवाजात माझी किटली शिरली,
कुंपणापाशी आलेली मेंढी शिरली,
साठ टन कॉड, वारा वायव्येचा, आणि मध्येच माझी शिंक.
मग शेजारच्या रेगिननं येऊन सेटिंग शोधून दिलं.
म्हणाला, मार्युन, आवाज खोलीत येऊच द्यायचा नाही.
पोटातलं ओठांवर यायच्या आधी
तिथल्या तिथे उचलायचं.

गावचं रेडिओ केंद्र बंद होऊन आठ वर्षं झाली.
जुने कार्यक्रम इंटरनेटवर नुसते वाजतात,
घरी नेता येत नाहीत,
आणि एकतीस तारखेनंतर वाजणारही नाहीत.
एकशे बारा भाग.
कुठला ट्रॉलर आला, किती मासळी उतरली,
कुणाची आई नव्वदीची झाली, कुणाचा कुत्रा हरवला,
कुठल्या बोटीवर स्वयंपाकी हवाय,
सगळं माझ्या भावाच्या तोंडचं.

यात घाई चालत नाही.
तासाभराच्या आवाजाला तासच लागतो.
स्वेटर विणताना टाके गाळून
बाही लवकर होत नाही, तसं.

स्पीकर आता बंदच ठेवते,
कारण ट्रोन्डुर पलीकडच्या खोलीत आहे.
फेब्रुवारीत कोपनहेगनच्या डॉक्टरांनी
त्याचं स्वरयंत्र काढलं.
तेव्हापासून तो पाटीवर लिहितो,
आणि हाक मारायची तर
लाकडावर दोनदा टकटक.

म्हणून ही चोरी.
या कानाची त्या कानाला खबर नाही.
घर चिडीचूप, आणि पडद्यावर हिरवी रेघ
आमच्या डोंगरांसारखी चढते, कोसळते.
मी आता न ऐकता ओळखते.
हा आकडा. हे कुणाचं तरी नाव.
हा खोकला
(तेव्हा कुणीच मनावर घेतला नाही)
आणि हे लागोपाठ तीन सुळके म्हणजे हसणं.

टिंग.
रेगिनचा निरोप: जमतंय का?
तेही गेलं आत.
नाताळातल्या वादळाच्या बातमीत
आता कायमचं एक टिंग.

एकोणऐंशीव्या भागात रेघ आडवी पडली.
दहा सेकंद. वीस. चाळीस.
यंत्र बिघडलं, की तोच गप्प आहे,
डोळ्यांना कळेना.
शेवटी स्पीकर सुरू केला, अगदी बोटभर.
कागद चाळल्याचा आवाज. खुर्ची. एक श्वास.
मग ट्रोन्डुर, चाळिशीतला, दणदणीत:
“माफ करा मंडळी, चष्मा सापडत नव्हता.”

मागे, दाराच्या चौकटीवर, दोनदा टकटक.

किती वेळ उभा होता कोण जाणे.
मी बंद करायला हात नेला
तर त्यानं पाटी मध्ये धरली:
कपाळावरच होता.
पुसून पुन्हा लिहिलं:
पुढचा आकडा चुकलाय, ऐक. पाच नाही, साडेपाच टन.
खरंच पाच म्हणाला.
ट्रोन्डुरनं मान हलवली आणि बाजूला बसला,
आपल्याच चुकीची वाट पाहून ती वेळेवर आल्यासारखा.

अजून तेहेतीस भाग.
किटली ठेवलीय. आता हवी तेवढी शिट्टी मारू दे,
आत काही जाणार नाही.
आमच्या दोघांतलंही काही जाणार नाही,
पाटीवर खडू घासल्याचंसुद्धा.

ती पहिली, बिघडलेली फाइल
मी पुसून टाकणार होते.
शिंक आहे तीत, मेंढी आहे,
आणि सहाव्या मिनिटाला, साठ टन कॉडच्या मागे,
पलीकडच्या भिंतीवर
दोनदा टकटक.
म्हणत होता, बंद कर.
राहू दिलीय.