हरकत

खानापुरात तहसीलदार कचेरीसमोर
करंजाच्या सावलीत माझं मशीन.
'र'चा खिळा अर्धा झिजलाय,
त्यामुळं शुक्रवारपासून 'रस्ता' नीट उमटत नाही.
दर खेपेला पेनानं पुरा करतोय.

सात दिवसांत हरकती द्या, असं नोटिशीत छापलंय.
पहिले दोन दिवस नोटीसच कुणाला दिसली नाही.
मग दुसरा शनिवार, आइतवार.
मंगळवारी साहेब अधिवेशनाच्या बंदोबस्ताला.
उरले दोन.

बाबाजान सनदी दुधाची गाडी उभी करून आला.
"लिही की मर्दे. रोज चार खेपा.
जाताना पैसे, येताना पैसे,
दूध काय सोन्याचं हाय व्हय?"
मी टाइप केलं : सदर आकारणी अर्जदारास परवडणारी नाही.
इनास सोझची बहीण आठवड्यातून दोनदा
डायलिसिसला बेळगावला जाते.
मी टाइप केलं : वैद्यकीय कारण.
एवढ्याशा कागदात माणूस बसवायचा
म्हणजे त्याचं बोलणं कापावं लागतं.
तीस रुपये त्याचेच घेतो मी.

मग नागूबाई चौगुले.
"ह्यो रस्ता मी केलाय," म्हणाली.
"मुकादम शिंदोळीचा. हजेरी बावीस रुपये.
पायाला गोणपाट बांधून डांबर ओतलंय
जांबोटी फाट्यापासून.
तिसऱ्या मोरीपाशी माझा थोरला झोळीत असायचा.
तितं आता काचेची खोली आणून ठेवलीया.
कुणाची ती?"
कंपनीची. तीस वर्षं वसुली करणार.
"आणि रस्ता?"
तोपण.
"कुणी दिला?"

हे कसं लिहायचं मला कळेना.
तसंच लिहिलं. कुणी दिला.
खाली प्रश्नचिन्ह मारलं,
अर्जात ते कधी मारत नाही आम्ही.

तिनं अंगठा लावला.
निळा डाग पडला, रेषा एकही नाही.
आत इरण्णा कारकुनानं कागद उजेडात धरला,
"हेब्बेट्टु सरी बंदिल्ल, अव्वा."
"डांबरदाग होतु," ती म्हणाली.
डांबरात गेला.
इरण्णा तिच्या हाताकडं बघत राहिला थोडा वेळ.
मग शिक्का मारून पावती दिली.

चार वाजता चहावाल्याच्या मोबाइलवर आलं :
सुवर्णसौधात विधेयक मंजूर.
अकरा मिनिटं. आवाजी मतदान.
हौदु म्हणणाऱ्यांनी हौदु म्हटलं,
बाकीचे उभे राहीपर्यंत पुढचं विधेयक निघालं.
आमची मुदत उद्या संपणार होती.

बाबाजान हसला. "मग माझे तीस रुपये?"
मी दिले. त्यानं घेतलेही.

नागूबाई पावती उलटीसुलटी करत होती.
"उद्या किती वाजता येऊ?"
कशाला आता? झालं की ते.
"मुदत उद्यापतोर म्हणालास न्हवं?
माझ्याबरच्या सहाजणी अजून जित्या हाईत.
एकीचाबी अंगठा उमटत न्हाई.
कागद जास्त आण."

संध्याकाळी तिला गाडीवरनं सोडायला निघालो.
काचेच्या खोलीवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं,
आत कुणाचं तरी कुत्रं झोपलं होतं.
मोरी यायच्या आधी ती खांद्यावर थापटून म्हणाली,
"हळू. खाली खचलंय हितं, पहिल्यापासनं."
मला तर सरळच दिसत होता रस्ता.
गाडी बसली खाली.