माप

सेलूला स्टेशनरोडवर, झेरॉक्स आणि खताच्या दुकानामधी
आठ बाय दहाचं मपलं दुकान.
जुन्या इरकलीचा पडदा. आत एक बल्ब, एक आरसा,
आणि गळ्यात टेप टाकलेली मी, दैवशाला, वय एकतीस.

छाती चौतीस, बाही अकरा, गळा मागून खोल.
वहीत सगळ्या बायका आकड्यांत राहतात.
माझं स्वतःचं माप मात्र
मी कधी घेतलंच नव्हतं.

पोरगं अंगावर पीत होतं तेव्हा लागली हाताला,
हरभऱ्याएवढी.
सासू म्हणाली, दुधाची गाठ. शेक दे.
डॉक्टर म्हणाले, या वयात काय होतंय. दुधाचीच.
मीही तेच म्हणाले.
दूध आटलं. गाठ राहिली.
बोराएवढी झाली तेव्हा धरली
संभाजीनगरची बस.

वॉर्डात सगळ्या आजीच्या वयाच्या.
विचारायच्या, बाळा, कुणासोबत आलीस?
मी म्हणायचे, माझ्यासोबत.

मग मेहजबीन आली, जालन्याची,
गळ्यात ओळखपत्र, हातात संशोधनाचा फॉर्म.
वयोगट, असं म्हणाली आणि थांबली.
फॉर्म चाळिशीपासून सुरू होत होता.
पेनाच्या टोकानं तिनं चौकटी मोजल्या,
मग समासात, पट्टीशिवाय,
एक नवी चौकट आखली, वाकडी.
तीत लिहिलं: एकोणतीस.
तिसऱ्या दिवशी घनसावंगीची उज्ज्वला सापडली, सव्वीस.
मग कळंबची एक. मग बी.एड. करणारी अरुंधती,
तिला तर लग्नाआधीच.
समास भरला. कागद पलटावा लागला.

रात्री चौघी जिन्यात बसायचो.
पाळी परत येईल का.
नवरा आता आधी दिवा बंद करतो.
पोराला उचलायचं कोणत्या हातानं.
अरुंधतीनं सगळं नंबर घालून वहीत उतरवलं,
सकाळच्या राउंडला वाचून दाखवलं.
मोठे डॉक्टर सातव्या प्रश्नाला
खुर्ची ओढून बसले.

माझ्या रक्ताची एक नळी, गाठीची एक खाप
मेहजबीननं मागितली. म्हणाली,
यातून तुम्हाला काही मिळेलच असं नाही.
मग कुणाला?
ती जरा वेळ गप्प. माहीत नाही, म्हणाली,
अजून जन्मली नसेल.
मी सही केली, पूर्ण नाव, माहेरचंसुद्धा.

घरी आले तर सगळे ब्लाऊज डावीकडं रिकामे.
सुती कापडाची वाटी शिवली. आधी कापूस भरला,
हलका, वर वर सरकायचा.
मग मोहरी. मोहरीला वजन असतं.
पावणेतीनशे ग्रॅमला बरोबर बसली.
एक उज्ज्वलाला पाठवली. तिचा फोन:
घालू का फोडणीला टाकू?
दोघी लई हसलो. मग तिकडून बराच वेळ
नुसता श्वास.

आता पडद्याआड टेप गुंडाळता गुंडाळता विचारते,
आंघोळीला कधी हात फिरवून बघता का?
काही लाजतात. दोघीतिघींनी दुकान बदललं.
एक म्हणाली, शिलाईचे पैसे घे, बाकीचं काहून विचारतीस?
तिलाही सांगितलं. पैसे घेतले.

काल सुगंधा आली, चोवीस वर्षांची, कडेवर तान्हं.
टेप लावला तशी अंग चोरून म्हणाली,
दुधाची गाठ असंल ताई, शेकायलेय.
मी वही मिटली.
शटर ओढलं, दुपारच्या बसला तिघं बसलो.
जिंतूर फाट्यापर्यंत ती काहीच बोलली नाही.
मग तान्हं माझ्याकडं दिलं.
डाव्या बाजूला वजन घ्यायचं नाही, असं सांगितलंय मला.
मी डावीकडंच घेतलं.
त्यानं मोहरीवर डोकं टेकलं,
आतली चुरचुर
कान लावून ऐकत राहिलं.