नाभिका

चवळीच्या दाण्याला काळा डोळा असतो,
आणि डोळ्याच्या मधोमध पांढुरका, लांबट व्रण.
सव्वीस वर्षं मी तो मुलांना दाखवते आहे,
पितळी भिंगाखाली, रात्रभर भिजवून:
ही नाभिका. इथं बी शेंगेला धरून होतं.
आता दाबा. शेजारच्या बारीक रंध्रातून
पाण्याचा मणी येईल. आला?
काढा आकृती. छाया नको, टिंबं द्या.

मंगळवारी सयाजी हॉस्पिटलात
एक्स-रेच्या खिडकीपाशी विश्वंभर आणि मी.
दिवाळीपासून खोकतोय.
माझ्या पिशवीत खंडेराव मार्केटची चवळी, अर्धा किलो,
उद्याच्या प्रॅक्टिकलची.
कागदावर टाइप केलेलं: उजवा हायलम ठळक.
"म्हणजे काय गं?"
म्हटलं, नाभिका.
"बेंबी? फुप्फुसाला?"
हसला, मग खोकला.
बाकावरचे एक काका जरा लांब सरकले.

मी एक दाणा काढून त्याच्या तळव्यावर ठेवला.
श्वासनळी जिथून आत शिरते,
रक्त जिथून जातं-येतं, ती जागा.
मूत्रपिंडालाही असते. देठ लागावा तशी.
त्यानं दाणा उजेडाकडे धरला, फिल्म धरली होती तसाच.
"पण ह्याचं तर तुटलेलं आहे."
हो.
"आणि माझं?"
तुझं लागलेलं आहे, विशू.

एकच शब्द. इकडे तुटल्याची खूण,
तिकडे जोडल्याची.
इतकी वर्षं खडूनं फळ्यावर लिहिला,
कधी थबकले नाही.

विभागाच्या कपाटात एक शिवण उसवलेला कोश आहे.
त्यात लिहिलंय, लॅटिनात ह्याचा अर्थ
क्षुल्लक काहीतरी. कुसळाएवढं.
आणि तेवढंसुद्धा नाही, असं म्हणता म्हणता
त्यांचा "काहीच नाही" हा शब्द झाला म्हणे.
हे त्याला सांगणार होते,
तेवढ्यात खिडकीतली बाई म्हणाली,
"कंई नथी, बेन. एक सीटी करावी लो."

रिक्षात तो विश्वामित्रीच्या पुलापर्यंत गप्प.
मग म्हणाला, मगरी दिसतात का बघ.
दिसल्या नाहीत.

बुधवारी एक दाणा कमी पडला.
दोघी मुलींना एकात भागवायला सांगितलं.
मागच्या बाकावरून कोणी म्हणालं,
मॅडम, माझ्यातून पाणी येत नाही.
मी जवळ गेले. दाणा चुरगळत आला होता.
म्हटलं, राहू दे.
इतकं दाबू नकोस.